वडगावचा भोंगा आणि औंधची शिस्त

भोंगा हा शब्द मराठी माणसाने आजवर कामाशी जोडला. मुंबईतील गिरण्यांच्या भोंग्याने लालबाग-परळच्या चाळी जाग्या होत आणि त्याच्याच तालावर पाळ्या बदलत. माणसांना हातातले काम खाली ठेवण्यास सांगणारा भोंगा मात्र विरळाच. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. तेथे २०२२ सालच्या स्वातंत्र्यदिनापासून रोज सायंकाळी सात वाजता असा भोंगा वाजू लागला. तो वाजला की घराघरांतील दूरचित्रवाणी संच बंद करावयाचे, मोबाईल बाजूला ठेवावयाचे आणि साडेआठला पुन्हा भोंगा झाला की हवे तर सुरू करावयाचे, असा गावाचा ठराव. मधल्या दीड तासात मुलांनी अभ्यास करावा आणि थोरांनी वाचावे, बोलावे किंवा नुसते ओट्यावर बसावे.

या ठरावामागची कारणे शिक्षकवर्गाला नव्याने सांगावयास नकोत. २०२०च्या मार्चमध्ये करोनाच्या साथीने शाळा बंद झाल्या आणि ज्या यंत्रापासून मुलांना दूर ठेवावयाचे तेच यंत्र शाळेनेच त्यांच्या हाती दिले. त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता, हेही खरे. पुढे शाळा उघडल्या, मुले वर्गात परतली, पण मोबाईल काही परत गेला नाही. उसाच्या आणि साखर कारखान्याच्या कामावरून थकून आलेले वडील एका कोपऱ्यात, मालिकेत गुंतलेली आई दुसऱ्या कोपऱ्यात आणि मुलगा पांघरुणाखाली, असे चित्र दिसू लागले. सरपंच विजय मोहिते यांनी ही कल्पना मांडली तेव्हा पुरुषमंडळींनी ती प्रथम हसण्यावारी नेली. गावातील स्त्रियांनी मात्र मालिकांचा अतिरेक होतो आहे हे मोकळेपणाने मान्य केले आणि १४ ऑगस्टच्या सभेत निर्णय झाला. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि निवृत्त शिक्षक यांनी घरोघर जाऊन समजूत घातली. ज्यांच्या करमणुकीवर पहिली कुऱ्हाड पडावयाची होती त्यांनीच पुढाकार घ्यावा, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

या मुलखाला असल्या प्रयोगांची ओळख नवी नाही. कडेगावला लागूनच असलेल्या पलूस तालुक्यातील कुंडल, तिकडे आटपाडी आणि सातारा जिल्ह्यातील खुद्द औंध हे सारे एकेकाळी औंध संस्थानात मोडत. अवघ्या बहात्तर खेड्यांचे हे विखुरलेले संस्थान. त्याचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी रोज नेमाने सूर्यनमस्कार घालीत आणि संस्थानातील शाळांतून त्यांनी ते सक्तीचे केले होते. रोजचा थोडा वेळ, ठरलेली वेळ आणि सर्वांनी मिळून, ही त्या शिस्तीची त्रिसूत्री. पुढे १९३९ साली याच राजाने महात्मा गांधींच्या सल्ल्याने राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवला आणि ग्रामपंचायत हा त्याचा पाया ठरवला. सूर्यनमस्कार राजाज्ञेने आले, वडगावचा भोंगा गावसभेच्या ठरावाने आला. दोन्हींमधील हे अंतर लहान नाही.

आता मुळात एवढ्याशा विश्रांतीने काय साधते, असे कोणी विचारील. डोळ्याचेच उदाहरण घ्यावे. जवळचे पाहताना डोळ्यातील भिंगाला आकार देणारा स्नायू आकुंचित राहतो. दूर पाहिले की तो सैल पडतो. पडद्यावर नजर खिळली की पापण्यांची उघडझापही मंदावते. एरवी मिनिटाला साधारण पंधरा वेळा होणारी ही क्रिया निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते, अश्रूंचा पातळ थर वाळतो आणि डोळे चुरचुरू लागतात. म्हणून नेत्रतज्ज्ञ दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फुटांपलीकडे पाहावयास सांगतात. मान, खांदे आणि मनगट यांचीही हीच तक्रार असते व उपायही हाच: उठावे, चार पावले चालावे, पाणी प्यावे. अर्थात याने चष्म्याचा नंबर उतरतो अशी समजूत कोणी करून घेऊ नये. शीण जातो, एवढेच. लहान मुलांमधील वाढत्या लघुदृष्टीला आळा घालण्यास उपयोगी पडतो तो दिवसाचा उजेड आणि मोकळे मैदान, आणि तो लाभ सायंकाळी सातचा भोंगा देऊ शकत नाही. त्यासाठी शाळेची मधली सुट्टी आणि खेळाचा तास शाबूत राहिला पाहिजे. परीक्षा जवळ आल्या की पहिली गदा नेमकी त्या तासावर येते!

मोठ्यांना असेही आठवेल की पूर्वी हा विराम आपोआप मिळत असे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले तेव्हा कार्यक्रम संध्याकाळपुरतेच असत आणि रात्री केंद्रच बंद होई. पाहणाऱ्याला संयम करावा लागत नसे, तो केंद्राकडूनच होई. आता पडदा खिशात आला आहे आणि त्याला शेवटचा कार्यक्रम असा नाहीच. एकट्या माणसाने एकट्याच्या निश्चयावर तो बंद करावा म्हटले, तर शेजारी चालू असलेला पडदा त्याला स्वस्थ बसू देत नाही. गावाने मिळून एकच वेळ ठरवण्याचा उपयोग येथे होतो. आपण काही गमावतो आहोत ही रुखरुखच राहत नाही, कारण त्या वेळी शेजारीही काही पाहत नसतो.

तथापि एक पेच उरतोच. भोंगा करमणुकीचा पडदा बंद करू शकतो, कामाचा नाही. तहसील कचेरीतील लिपिकाचा सातबारा आता संगणकावर आहे. शिक्षकाची हजेरी, पोषण आहाराची नोंद, पगाराचे देयक सारे ऑनलाइन, आणि उद्याच्या उद्या माहिती पाठवा हा निरोप रात्री आठ वाजता व्हॉट्सॲपवर येऊन पडतो. मुलाला मोबाईल ठेव म्हणून सांगणाऱ्या गुरुजींच्या हातात त्याच क्षणी मोबाईल असतो, आणि मुले उपदेशापेक्षा डोळ्यांसमोरचे लवकर उचलतात. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क २०१७पासून कायद्याने मान्य झाला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी त्याच आशयाचे खासगी विधेयक २०१८ साली लोकसभेत मांडले, त्याचा कायदा झाला नाही. पण सायंकाळी सात ते साडेआठ या वेळेत कोणताही निरोप पाठवावयाचा नाही, असे एखाद्या गटशिक्षणाधिकाऱ्याने किंवा तहसीलदाराने ठरवावयाचे म्हटले तर त्यासाठी संसदेची वाट पाहावी लागत नाही.

शाळांना तर याहूनही सोपी वाट आहे. संगणकाच्या तासाला मध्येच दोन मिनिटांची एक घंटा वाढवावी आणि मुलांना व्हरांड्यात आणून दूर पाहावयास लावावे. औंधच्या विद्यार्थ्यांना त्यासाठी वेगळी सोय नको. गावातून मान वर केली की यमाईचा डोंगर दिसतो.