थांबलेला जंतू मेलेला नसतो

लघवीला जळजळ होते, जुलाब लागतात, खोकला आठवडाभर जात नाही. सकाळी कामावर जायचे असते आणि दवाखान्यात रांग असते. मग कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून चार गोळ्या येतात. दोन दिवसांत बरे वाटते, दोन गोळ्या डब्यात राहतात आणि पुढच्या वेळी घरातल्या दुसऱ्याच कुणाला तरी दिल्या जातात. आपल्या वस्त्यांत हे सर्रास चालते. असे करू नका, हे सांगणारे पुष्कळ आहेत. का करू नये, हे मात्र क्वचितच कुणी समजावून सांगते. म्हणून या वेळी आम्ही थेट जंतूच्या पोटात शिरायचे ठरवले आहे. जंतू वाढतो कसा, त्याची वाढ कोणती प्रथिने थांबवतात आणि थांबलेला जंतू पुन्हा कसा उठतो, एवढे कळले की गोळ्यांचा हिशेबही कळतो.

एका जंतूचे दोन कसे होतात

आपल्या आतड्यात ई-कोलाय नावाचा जंतू राहतो. बहुतेक वेळा तो काही त्रास देत नाही. पण लघवीच्या मार्गात शिरला की जळजळ सुरू होते, आणि त्याच्या काही जातींमुळे जुलाब लागतात. या जंतूच्या पोटात डीएनएचा एक मोठा धागा असतो. त्याची दोन्ही टोके जोडलेली असतात, म्हणजे तो बांगडीसारखा गोल असतो. काय खायचे, कसे जगायचे, कोणते प्रथिन बनवायचे, ही सगळी माहिती या धाग्यावर सुमारे ४६ लाख अक्षरांत लिहिलेली असते.

एका जंतूचे दोन व्हायचे असतील, तर आधी या बांगडीची नक्कल व्हावी लागते. डीएनए हा दोन पदरी दोरीसारखा पिळलेला असतो. एका ठरलेल्या जागी हे पदर उलगडतात आणि नक्कल करणाऱ्या प्रथिनांच्या दोन टोळ्या कामाला लागतात. एक टोळी उजवीकडून निघते, दुसरी डावीकडून. प्रत्येक टोळी सेकंदाला सुमारे १००० अक्षरे उतरवते. साधारण ४० मिनिटांत दोन्ही टोळ्या बांगडीच्या समोरच्या बाजूला एकमेकींना भेटतात आणि नक्कल पूर्ण होते.

टर्मिनसवरचे राखणदार

या भेटीच्या जागेच्या आसपास डीएनएवर काही खास खुणा असतात. शास्त्रज्ञ त्यांना 'टर' म्हणतात. टर म्हणजे टर्मिनस. मुंबईकरांना हा शब्द नवा नाही, सीएसएमटीमधला शेवटचा 'टी' तोच. ई-कोलायमध्ये अशा १० खुणा आहेत, पाच एका तोंडाच्या आणि पाच उलट्या तोंडाच्या. या खुणांवर 'टस' नावाचे प्रथिन घट्ट बसून राहते.

टसचे वैशिष्ट्य असे की ते एका बाजूने येणाऱ्या टोळीला जाऊ देते आणि दुसऱ्या बाजूने येणारीला अडवते. योग्य दिशेने टोळी आली, तर टस बाजूला पडते. उलट दिशेने आली, तर डीएनएचे पदर सुटता सुटता त्यातले एक अक्षर बाहेर वळते आणि टसच्या एका खाचेत जाऊन बसते. कडी कोयंड्यात अडकावी तसे. मग टस हलत नाही आणि टोळीला पुढे सरकता येत नाही. हे कुलूप कसे लागते, ते २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवले. एखादी टोळी लवकर पोहोचली, तरी ती पुढे दुसरीच्या हद्दीत घुसत नाही. तिथेच थांबते आणि दुसरीची वाट पाहते.

मातीत राहणाऱ्या बॅसिलस सबटिलिस या जंतूमध्ये हेच काम 'आरटीपी' नावाचे प्रथिन करते. त्याची घडण टसपेक्षा अगदी वेगळी आहे. म्हणजे एकच गरज दोन जंतूंनी दोन वेगवेगळ्या मार्गांनी भागवली.

मग टसवरच घाव घालून जंतू मारता येईल का? येणार नाही. टस नसलेले ई-कोलाय प्रयोगशाळेत चांगले जगतात, वाढतात. हा राखणदार काम नेटके करतो, पण जंतूचा जीव त्याच्यात नसतो. जीव आहे तो दुसऱ्या एका प्रथिनात.

पीळ काढणारे प्रथिन आणि आपली गोळी

दोन पदरी दोरी मधूनच उलगडून पाहा. जसजसे पदर वेगळे कराल, तसतसा पुढचा पीळ घट्ट होत जातो आणि शेवटी दोरी उलगडेनाशी होते. डीएनएचेही तसेच होते. हा पीळ सैल करण्यासाठी जंतूकडे 'गायरेज' नावाचे प्रथिन असते. ते डीएनए क्षणभर कापते, कापलेल्या फटीतून दुसरा भाग पलीकडे नेते आणि काप पुन्हा जोडते. गायरेज थांबले की नक्कल थांबली. याचा शोध १९७६ साली अमेरिकेत मार्टिन गेलर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला.

गायरेजला पकडणारी प्रथिने निसर्गातही आहेत. काही ई-कोलायकडे मोठ्या बांगडीशिवाय डीएनएची आणखी एक छोटी बांगडी असते. तिच्यावर 'सीसीडी-बी' नावाचे विष आणि 'सीसीडी-ए' नावाचा उतारा, दोन्ही लिहिलेले असतात. जंतूचे दोन होताना एखाद्या लेकीला ही छोटी बांगडी मिळाली नाही, तर तिच्यातला उतारा लवकर संपतो आणि विष उरते. ते विष गायरेजला कापलेल्या अवस्थेतच धरून ठेवते. डीएनए तुटतो आणि ती पेशी मरते.

माणसाने बनवलेली सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन ही औषधेही गायरेजला अशीच कापलेल्या अवस्थेत अडकवतात. त्यांचे पूर्वज असलेले औषध १९६२ साली जगापुढे आले. आपल्या पेशींमध्ये या कामाची प्रथिने वेगळ्या घडणीची असतात, म्हणून औषधाचा मुख्य मार जंतूवर बसतो. सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात. विषाणूंकडे गायरेजच नसते, म्हणून सर्दीवर ही गोळी घेणे म्हणजे औषध वाया घालवणे.

झोपलेले जंतू

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. ही औषधे चालू यंत्र पकडतात. नक्कल जोरात चालू असेल, तर त्यांचा मारही जोरात बसतो. पण ज्या जंतूने स्वतःच नक्कल थांबवली आहे, त्याचे काय?

१९४४ साली डब्लिनचे डॉक्टर जोसेफ बिगर पेनिसिलिनवर प्रयोग करत होते. भरपूर औषध घालूनही थोडे जंतू जिवंत राहतात, हे त्यांच्या लक्षात आले. त्या वाचलेल्या जंतूंना पुन्हा वाढवले आणि पुन्हा औषध घातले, तर त्यांची पिल्लावळ पहिल्यासारखीच मरत होती. म्हणजे हे जंतू औषधाला दाद न देणारे झालेले नव्हते. औषध आले तेव्हा ते फक्त वाढत नव्हते. बिगर यांनी त्यांना 'पर्सिस्टर' म्हटले. आपण त्यांना झोपलेले जंतू म्हणू.

उपासमार झाली, जागा अडचणीची झाली की जंतू आपल्याच प्रथिनांच्या मदतीने वाढ आणि नक्कल मंदावतात. बाहेरचे वातावरण निवळले की ते जागे होतात आणि पुन्हा एकाचे दोन, दोनाचे चार सुरू होते. म्हणून दोन दिवसांत ताप उतरला, याचा अर्थ जागे असलेले बहुतेक जंतू मेले एवढाच असतो. थांबलेले अजून आत असू शकतात.

दुसरा धोका वेगळा आहे. कोट्यवधी नकला होताना क्वचित एखादे अक्षर चुकते. ती चूक नेमकी गायरेजच्या मजकुरात झाली, तर औषधाला गायरेज नीट पकडता येत नाही. अपुऱ्या गोळ्यांनी साधे जंतू मरतात आणि हा बदललेला जंतू मोकळ्या रानात वाढतो. याची पिल्लावळ मात्र औषधाला दाद देत नाही. झोपलेला जंतू आणि बदललेला जंतू, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पण अर्धवट औषधाने दोघांचेही फावते.

टीबीला सहा महिने का लागतात

ई-कोलायला चांगले खाणे मिळाले, तर २० मिनिटांत एकाचे दोन होतात. नक्कल ४० मिनिटांची असूनही हे जमते, कारण पहिली नक्कल संपायच्या आत तो दुसरी सुरू करतो. टीबीच्या जंतूला मात्र दोनाचे होण्यासाठी जवळपास एक दिवस लागतो. फुप्फुसातल्या गाठींमध्ये त्यातले कित्येक जंतू नुसते थांबून राहतात. म्हणून टीबीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन. महिना-दीड महिन्यात वजन वाढते, खोकला थांबतो, माणूस कामावर जाऊ लागतो. औषध सुटण्याची भीती नेमकी तेव्हाच असते. उरलेले महिने हे या झोपलेल्या जंतूंसाठीच आहेत.

खोकल्यावर परस्पर लेव्होफ्लॉक्सॅसिन घेणे तर दुहेरी नुकसानीचे. टीबी असेल तर काही दिवस बरे वाटते आणि तपासणी लांबते. शिवाय नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर याच जातीचे मॉक्सिफ्लॉक्सॅसिन वापरतात. चार औषधांच्या ज्या नव्या सहामाही उपचाराला भारत सरकारने २०२४ साली मंजुरी दिली, त्यात ते आहे. हे राखीव हत्यार साध्या खोकल्यावर बोथट करून घेऊ नये.

घर लहान आहे, खाणे बेताचे आहे, मग टीबी बरा होणार कसा, असे अनेकांना वाटते. त्यांच्यासाठी मद्रासचा दाखला आहे. १९५६ साली तिथल्या गरीब, दाटीवाटीच्या वस्त्यांतल्या रुग्णांवर अभ्यास सुरू झाला. काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवले, काहींना घरीच औषध दिले. वर्षभराने दोन्हीकडचे निकाल जवळपास सारखेच आले, आणि घरी राहिलेल्या रुग्णांच्या कुटुंबात टीबी जास्त पसरलाही नाही. १९५९ साली हे प्रसिद्ध झाले आणि जगभर टीबीच्या उपचाराची रीत बदलली. बरे करण्याचे काम नियमित औषधाने केले होते.

घरात एवढे पाळा

• दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, तर थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. आशाताईंना विचारा, त्या वाट दाखवतील.

• टीबीचे औषध सुरू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १००० रुपये बँक खात्यात मिळतात. नाव नोंदले आहे ना, हे विचारून घ्या.

• अँटिबायोटिक डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस घ्या. आपल्या मनाने कमी करू नका, वाढवूही नका. त्रास झाला तर बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

• सिप्रोफ्लॉक्सॅसिन दुधाबरोबर, दह्याबरोबर, अ‍ॅसिडिटीच्या औषधाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका. औषध अंगी कमी लागते.

• लहान मुले, गरोदर बाया आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनी ही औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. गोळ्या सुरू असताना टाचेची किंवा खांद्याची शीर दुखू लागली, तर लगेच दाखवा.

• डब्यात राहिलेली गोळी दुसऱ्याला देऊ नका. त्याचा आजार वेगळा असतो आणि दोन गोळ्यांनी कोणताच उपचार पुरा होत नाही.

महिला मंडळाच्या बैठकीत हे पान एकदा मोठ्याने वाचा. वस्तीत कुणाचे टीबीचे औषध चालू असेल, तर त्या घरी जाऊन चौथ्या-पाचव्या महिन्यातही विचारा, "ताई, आजची गोळी घेतली का?" त्या महिन्यांत विचारणारे कमी असतात आणि गरज तेव्हाच जास्त असते.