साडेचोपन्न नंबरचं घर

कॅनडातल्या टोरँटो शहरात सेंट पॅट्रिक स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तिथं एक घर आहे, नंबर साडेचोपन्न. नंबर ऐकून हसू आलं ना? पण ते घर खरोखरच अर्धं आहे. पुढून पाहिलं तर उतरतं छप्पर मध्यावर येतं आणि एकदम संपतं. वड्या पाडताना आपण सुरी सरळ खाली नेतो ना, तशी त्याची एक बाजू वरपासून खालपर्यंत कापलेली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला एकमेकांना चिकटून बांधलेल्या सहा घरांची ही रांग. पुढे तिथं मोठं बांधकाम करायचं म्हणून एकेक करून घरं विकत घेतली गेली. या घरच्या मंडळींनी मात्र विकायला साफ नकार दिला. शेवटी १९७० च्या दशकात शेजारचं घर पाडलं, पण इतकं जपून, की दोन घरांतली सामायिक भिंत शाबूत राहिली. कालपर्यंत घराच्या आतली असलेली भिंत बाहेरची झाली. घर उभं राहिलं.

आता आपल्यापैकी कितीजणींची लेक, भाऊ, नाही तर धाकटा दीर कॅनडात असतो. लेकीच्या बाळंतपणाला जाऊन चार-सहा महिने राहून येणाऱ्या आयाही पुष्कळ. तिकडे गेलात की नायगारा बघालच. पण शहरात फिरताना आणखी एक दृश्य पुन्हा पुन्हा दिसेल. चाळीस मजली काचेची इमारत, आणि तिच्या पायथ्याशी विटांचं दोन मजली घर. पुढं चार फुलझाडं, पायऱ्या, लाकडी कठडा. “किती हौसेनं जपलंय!” असं आपण म्हणतो आणि फोटो काढतो. तो काढताना एवढं ध्यानात असू द्या, की यातली बरीच घरं हौसेनं राहिलेली नाहीत. कुणीतरी भांडलं म्हणून ती राहिली आहेत. आणि ते कुणीतरी म्हणजे काही ठिकाणी तुमच्या-माझ्यासारखी घर चालवणारी बाईच होती.

वस्ती ‘गलिच्छ’ कुणी ठरवायची?

दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या शहरांना नवेपणाची घाई झाली. मोटारी वाढल्या, रुंद हमरस्ते हवेसे झाले, आणि मध्यवस्तीतली जुनी घरं अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत खुपू लागली. छपरं गळत होती, एकेका घरात तीन-तीन बिऱ्हाडं होती, हे काही खोटं नव्हतं. पण त्यावर दुरुस्ती हा उपाय फारसा कुणाला सुचला नाही. वस्ती गलिच्छ ठरवायची आणि सरसकट पाडायची, हीच रीत पडली.

टोरँटोच्या कॅबेजटाउनचंच बघा. आयर्लंडहून आलेले गरीब कामकरी तिथं राहत. घरापुढच्या टीचभर अंगणात ते कोबी लावीत, म्हणून वस्तीला हे नाव पडलं असं सांगतात. १९४८ च्या सुमारास या जुन्या वस्तीचा एक मोठा भाग पाडून रीजंट पार्क ही सरकारी वसाहत बांधायला घेतली. नवी घरं स्वच्छ होती, हवेशीर होती. पण मधले रस्ते बंद केले, कोपऱ्यावरची दुकानं गेली, आणि वसाहत शहरापासून तुटल्यासारखी झाली. अखेर २००५ पासून हीच ‘नवी’ वसाहत टप्प्याटप्प्यानं पाडून पुन्हा रस्ते, दुकानं आणि सगळ्या थरांतल्या लोकांसाठी घरं बांधायचं काम हाती घ्यावं लागलं. जुनी घरं गेली ती गेलीच!

मेरी ली चॅन यांची पायपीट

आता जरा पश्चिमेला, समुद्रकाठच्या व्हँकुव्हरला जाऊ या. तिथं चायनाटाउनला लागून स्ट्रॅथकोना नावाची जुनी वस्ती आहे. लाकडी घरांची, आणि बहुतांशी चिनी कुटुंबांची. १९२३ पासून १९४७ पर्यंत कॅनडानं चिनी लोकांना देशात यायला जवळजवळ बंदीच घातली होती. नवरा इकडे नि बायकामुलं तिकडे, अशी कितीतरी वर्षं लोकांनी काढली. बंदी उठल्यावर मग कुठे संसार एका छपराखाली आले. अशा माणसांना स्वतःचं घर म्हणजे काय वाटत असेल, ते तुम्हाला सांगायला नको.

आणि नेमकी हीच वस्ती पाडायचं शहरानं ठरवलं. १९६० च्या दशकात दोन टप्पे पाडूनही झाले. हजारो माणसं उठली. उरलेल्या भागात रस्ते नि गटारं दुरुस्त करणं थांबलं, लोकांना घर सुधारायची परवानगी मिळेना. घर मोडकळीला येऊ द्यायचं आणि मग मोडकं म्हणून पाडायचं, असा तो कारभार!

तिसऱ्या टप्प्यात मेरी ली चॅन यांचं घर जाणार होतं. ही साधी गृहिणी उठली आणि दारोदार फिरू लागली. सोबत त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी, शर्ली. शेजाऱ्यांशी आई चिनी भाषेत बोलायची, अधिकाऱ्यांपुढे लेक इंग्रजीत. १९६८ च्या डिसेंबरात रहिवाशांची संघटना उभी राहिली. नुसत्या मालकांची नव्हे हं, नावातच मालक आणि भाडेकरू दोघंही होते. गल्लीगल्लीला एकेक माणूस नेमला. मंत्री, नगरसेवक यांना वस्तीत बोलावून घरं दाखवली, चिनी पद्धतीचं जेवण घातलं. पंगतीला बसलेल्या पाहुण्याला “तुमचं घर पाडतो” म्हणणं जड जातं, हे बायकांना चांगलं ठाऊक असतं!

केंद्र सरकारनं पाडापाडीचा पैसा रोखला. पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला केंद्र, प्रांत आणि शहर या तिघांच्या बरोबरीनं रहिवाशांचे प्रतिनिधी बसले, आणि पाडण्यावर जायचा पैसा अनुदान नि कर्ज म्हणून घरदुरुस्तीला मिळाला.

पण शेजारच्याच होगन्स ॲलीचं नशीब तसं नव्हतं. ही कृष्णवर्णीयांची छोटी वस्ती होती. गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांची आजी नोरा हेंड्रिक्स तिथल्या एका खाणावळीत स्वयंपाक करीत. उड्डाणपुलासाठी वस्तीचा बराचसा भाग पाडला गेला आणि माणसं पांगली.

घर राहिलं, माणसं राहिली का?

इथं मला तुम्हाला खरी मेख सांगायची आहे. घर वाचणं वेगळं, आणि घरातली माणसं तिथं टिकणं वेगळं.

कॅबेजटाउनच्या नावानं आज जी वस्ती ओळखली जाते, ती फार सुरेख आहे. विटांची घरं, नक्षीदार लाकूडकाम, पुढं बागा. ती पाडायचा बेतही लोकांनी हाणून पाडला. पण १९७० च्या दशकात सुस्थितीतली मंडळी ही घरं विकत घेऊन नीटनेटकी करू लागली. रंग पांढरा द्यायचे, म्हणून टोरँटोत या प्रकाराला ‘पांढरा रंग देणं’ असंच नाव पडलं. भाड्याच्या एकेका खोलीत राहणाऱ्यांना जागा सोडावी लागली. भिंती त्याच, पण आतली चूल दुसऱ्याची.

याउलट माँट्रिऑल. तिथं १९७३ मध्ये रेल्वेचे मोठे कारभारी व्हॅन हॉर्न यांचा वाडा पाडला गेला, तेव्हा शहर हळहळलं. त्या हळहळीतून जुन्या वास्तू राखणाऱ्या संस्था निघाल्या. पण त्याच्याही आधीपासून, १९६८ पासून, मिल्टन पार्क भागातले भाडेकरू झगडत होते. करड्या दगडी घरांचे त्यांचे सहा चौक पाडून उंच इमारती उठायच्या होत्या. काही घरं पडली, इमारतीही झाल्या. पण मग बिल्डरचा पैसा आटला. १९७९ मध्ये सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या मदतीनं उरलेली घरं रहिवाशांसाठी घेतली गेली. फिलिस लँबर्ट या वास्तुतज्ज्ञ बाईंचा त्यात मोठा हात होता. सहाशेच्या आसपास बिऱ्हाडांच्या लहान लहान सहकारी सोसायट्या झाल्या. घरं दुरुस्त केली ती माणसांना न उठवता. १९८७ मध्ये तर अशी कायदेशीर बांधणी केली, की ती घरं नफ्यासाठी बाजारात विकताच येऊ नयेत. शेजारी उंच इमारती आहेत, इकडे जुनी घरं आहेत, आणि दोन्हीकडे दिवे लागतात!

मधली वाट

नवं बांधूच नये, असं मात्र कुणी म्हणणार नाही. माणसं वाढतात, त्यांना घरं हवीतच. टोरँटो-व्हँकुव्हरमध्ये घरांच्या किमती ऐकल्या तर आपले डोळे पांढरे होतात. म्हणून वेगवेगळ्या वाटा काढल्या जातात. जुन्या घराच्या मागच्या बोळाकडे छोटं दुसरं घर बांधायला व्हँकुव्हरनं २००९ मध्ये आणि टोरँटोनं २०१८ मध्ये परवानगी दिली. पुढच्या घरात आईवडील, मागच्यात मुलगा-सून, असं जमतं. कुठे जुन्या इमारतीची फक्त दर्शनी भिंत ठेवून मागे उंच इमारत चढवतात. बघायला बरं दिसतं, पण मुखवटा ठेवून माणूस नाहीसा करावा, तसं वाटतं खरं.

आता तुम्ही म्हणाल, कॅनडातल्या या गोष्टी आपल्याला कशाला? पण पुनर्विकासाचा कागद आपल्याही वाड्याच्या, सोसायटीच्या दारी येतोच. आला, तर सही करण्याआधी मेरी ली चॅन यांच्यासारखं एकदा शेजारी फिरा. भाडेकरूंनाही बैठकीला बोलवा. दुरुस्तीला किती खर्च येईल, ते जाणकाराकडून आधी काढून घ्या. आणि मधल्या काळात राहायचं कुठं, परत कोण कोण येणार, हे तोंडी ऐकून समाधान मानू नका, कागदावर घ्या. ‘हे पुरुषांचं काम’ म्हणून आत जाऊन बसू नका, एवढंच माझं सांगणं.

साडेचोपन्न नंबरचं घर एकट्यानं अडून बसलं, आणि अर्धं उरलं. स्ट्रॅथकोनाच्या बायका चार दारं ठोठावत फिरल्या, आणि गल्लीच्या गल्ली उरली.