जुन्या मोटारीतील इंधनपुरवठ्याचे दोष

चढावर इंजिन आचके देऊ लागते, गाडीची ओढ कमी होते आणि अखेरीस ती थांबते. थोड्या वेळाने ती पुन्हा सुरू होते व दोन-तीन किलोमीटरांवर परत बंद पडते. अशा प्रसंगी एकामागून एक सुटे भाग बदलले जातात. पैसा खर्च होतो आणि दोष मात्र कायम राहतो. वास्तविक पेट्रोलचा मार्ग ध्यानात घेऊन क्रमाने तपासणी केली, तर दोषाचे स्थान बहुधा काहीही विकत न घेता सापडते.

अँबॅसडर मोटारीचे उदाहरण घेऊ. तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. तिच्या पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांत टाकी मागे व इंजिन पुढे असते. इंजिनातील कॅमशाफ्ट फिरला म्हणजे पंपाची दांडी हलते आणि पंपातील लवचिक पडदा खाली खेचला जातो. त्यामुळे पंपाच्या पोकळीतील दाब घटतो आणि टाकीतील पेट्रोल नळीवाटे पुढे येते. पंप पेट्रोल ओढतो असे आपण म्हणतो. परंतु त्याला पुढे ढकलतो तो वातावरणाचा दाब होय.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. टाकीच्या झाकणाचे वायुछिद्र बुजले, तर टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोलचा प्रवाह हळूहळू थांबतो. झाकण सैल केल्यावर गाडी सुरळीत चालू लागली, तर दोष तेथेच आहे असे समजावे. दुसरे असे की, टाकी व पंप यांच्यामधील रबरी नळीस चीर गेली, तर पेट्रोल बाहेर न गळताही हवा आत येते व पंप निष्फळ चालत राहतो. म्हणून नळी कोरडी दिसली, तरी ती निर्दोष आहे असे मानू नये.

प्रत्यक्ष तपासणीपूर्वी स्पार्क प्लगवर ठिणगी पडते की नाही व टाकीत पेट्रोल आहे की नाही, हे पाहावे; काट्यावर विसंबू नये. नंतर इंजिन थंड असताना इग्निशन कॉइलची पुरवठ्याची तार काढावी, कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडवून तिचे टोक बाटलीत धरावे व इंजिन स्टार्टरने फिरवावे. पेट्रोल ठोक्याठोक्याने जोरात आले, तर टाकीपासून पंपापर्यंतचा मार्ग ठीक आहे. दोष पुढे, म्हणजे कार्बोरेटरमधील तरंगता फ्लोट, सुईची झडप किंवा जेट यांत शोधावा. जेट तारेने टोकरू नये, कारण त्याचे छिद्र मोठे होते. ते हवेच्या झोताने साफ करावे.

पेट्रोल आले नाही, तर मागे वळावे. पंपाच्या टाकीकडील तोंडावर बोट ठेवून इंजिन फिरवावे. शोषण जाणवले, तर पंप बहुधा चांगला असून अडथळा नळीत किंवा टाकीत आहे. शोषण नसेल, तर पंपाचा पडदा अथवा झडपा तपासाव्यात. इंजिनच्या तेलाला पेट्रोलचा वास येत असल्यास पडदा फाटलेला असण्याचा संभव असतो. अशा स्थितीत गाडी चालवू नये. पातळ झालेले तेल इंजिनची झीज करते.

उन्हाळ्यात एक निराळेच कारण संभवते. तापलेल्या पंपात व नळीत पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह खंडित होतो. ओले फडके पंपावर ठेवण्याची चालकांची जुनी युक्ती येथे शास्त्रशुद्ध ठरते. गार झाल्यावर गाडी चालू झाली, तर पंप बदलण्याची घाई करू नये.

आज या तपासणीचे महत्त्व वाढले आहे. भारतात २०२५ पर्यंत २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र प्रचारात आले. जुन्या पद्धतीचे रबर इथेनॉलमुळे फुगते, मऊ होते किंवा तडकते. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते. म्हणून जुन्या नळ्या व पडदे इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे बसवावेत आणि गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नये.

शेवटी एक सूचना. हे सर्व काम मोकळ्या हवेत, विडी-काडी दूर ठेवून करावे आणि पेट्रोल तोंडाने कधीही ओढू नये. गाडी पुन्हा चालू होईल; परंतु अशा निष्काळजीपणाने झालेली हानी भरून येईलच असे नाही.