ई-रीडर दुकानात का टिकला नाही?

ब्रिटनमधील वॉटरस्टोन्स या पुस्तकविक्रेत्यांनी २०१२ साली आपल्या दुकानांत किंडल हा ई-रीडर विकायला घेतला. २०१५ मध्ये बहुतेक दुकानांतून तो काढून टाकला. विक्री जवळजवळ थांबली होती. मग यंत्र वाईट होते का? मुळीच नाही.

त्याच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपीतील द्रवात पांढरे आणि काळे कण असतात, आणि त्यांच्यावर परस्परविरुद्ध विद्युतभार असतो. विद्युतदाब दिला की एका रंगाचे कण वर येतात, दुसरे तळाशी जातात. दाब काढून घेतला तरी कण हलत नाहीत. म्हणून पडद्याला वीज लागते ती पान उलटतानाच, आणि बॅटरी कित्येक आठवडे पुरते.

असे यंत्र वर्षानुवर्षे चालते, म्हणजे गिऱ्हाईक दुसरे घ्यायला येत नाही. शिवाय पुढची पुस्तकेही ते घरबसल्या यंत्राच्या कंपनीकडूनच घेते! आमच्या मते दुकानदाराला हा सौदा मुळातच आतबट्ट्याचा होता.

अंजनगाव सुर्जीसारख्या तालुक्याच्या गावी पुस्तकाचे दुकान चालते ते पाठ्यपुस्तकांवर आणि वह्यांवर. किंडलवर मराठी पुस्तके आली ती २०१६ च्या डिसेंबरात. तोवर वाचायला मोबाइल हाती आलेला होता. त्याचा पडदा मात्र स्वतः उजेड फेकतो, तर ई-रीडरचा पडदा कागदाप्रमाणे बाहेरचा उजेड परावर्तित करतो. वऱ्हाडातल्या उन्हात मोबाइल आणि छापील पान शेजारी धरा आणि कोणते सहज वाचता येते व का, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.