रानाच्या वेशीवरचें घर

अकोला जिल्ह्याच्या उत्तरेस, तेल्हारा तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याच्या बाजूस हिवरखेड वसलें आहे. दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यांतील काळी जमीन, तर उत्तरेस मेळघाटचें रान. १९७३ मध्यें देशांत व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हां पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटाची निवड झाली. नरनाळा व वान हीं अभयारण्येंही पुढें त्यांतच आलीं. वाघ, गवा, अस्वल पाहावयास येणारी शहरची मंडळी विश्रामगृहांत उतरून परत जातात. परंतु हा मुलूख ज्यास समजून घ्यावयाचा असेल, त्यानें पायथ्याच्या गांवीं एखाद्या जुन्या घरांत दोन रात्री काढाव्या.

वऱ्हाडांतील जुनें घर धाब्याचें असतें. मातीच्या जाड भिंती, सागाच्या तुळया आणि वर पांढऱ्या मातीचा थर. वैशाखांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. तरी ती उष्णता भिंतींतून आंत पोहोंचेपर्यंत सांज होते, आणि मग अंगणांत बाज टाकतां येते. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी व ठेचा यांनीं पाहुण्याचें ताट भरतें. मात्र धाब्याची डागडुजी पावसाळ्यापूर्वीं दरवर्षीं करावी लागते. तो खर्च झेपेनासा झाला, कीं माती जाऊन टिनाचे पत्रे येतात.

खरी ओळख रात्रीं होते. बुद्धपौर्णिमेस वनखात्याच्या परवानगीनें हौशी मंडळी पाणवठ्याजवळ मचाणावर बसतात, तीं जनावरें दिसावींत म्हणून. तूर-हरभऱ्याच्या दिवसांत शेतकरीही मचाणावर बसतो, पण तो जनावरें येऊं नयेत म्हणून. रोह्यांचा कळप किंवा रानडुकरें एका रात्रींत उभें पीक आडवें करितात. त्यानंतर अर्ज, पंचनामा व भरपाईसाठीं खेपा. जागलीला गेलेल्या यजमानाची वाट पाहणाऱ्या घरांत जो झोंपला, त्यास वन्य प्राण्यांच्या रक्षणाची किंमत कोण भरतो, हें निराळें सांगावें लागत नाहीं.

राज्याच्या २०२० च्या कृषिपर्यटन धोरणानें शेतकऱ्यास नोंदणी करून पाहुणे ठेवण्याची वाट दाखविली आहे. पाहुण्याचे चार पैसे धाब्याच्या डागडुजीस लागले, गांवांतीलच मुलगा वाटाड्या झाला, दूध-भाजी शेजारून घेतली गेली, तर रान हें गांवाला केवळ संकट वाटणार नाहीं. तोच पैसा दूरच्या मालकाकडे गेला, तर गांवाच्या वांट्यास जागलच उरेल. म्हणून उतरण्यापूर्वीं पाहुण्यानें घर कोणाचें व कमाई कोणाची, एवढें अवश्य विचारावें.