पैसे पोचले, मार्गदर्शक राहिला

1963 मध्ये एनसीईआरटीने विज्ञान प्रतिभाशोध परीक्षा सुरू केली ती दिल्लीपुरती, आणि शिष्यवृत्त्या होत्या अवघ्या 10. पुढच्याच वर्षी ती देशभर पोचली, आकडा 350 झाला. अट कडक होती: इंजिनिअरिंग नाही, डॉक्टरकी नाही, मूलभूत विज्ञानच शिकायचं. निवडीत लेखी पेपरबरोबर प्रकल्पाचा अहवालही पाहिला जाई. मुलाने काहीतरी स्वतः करून पाहिलेलं असावं, ही अपेक्षा तेव्हा पहिल्याच पायरीवर होती. 1976 नंतर इतर शाखांना दारं उघडली आणि प्रतिभाशोध हळूहळू क्लासवाल्यांच्या फलकांवर जाऊन बसला.

पुढचा मोठा टप्पा 1999 चा, किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनेचा. परीक्षा बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था घेई. अनेक हुशार मुलांना या योजनेत दिसला तो ‘आयसर’ या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांच्या प्रवेशाचा एक रस्ता, संशोधनाची ओढ असलेले त्यातले थोडे. 2022 च्या मे महिन्यात तिची शेवटची परीक्षा झाली आणि योजना ‘इन्स्पायर’ या विज्ञान शिष्यवृत्ती योजनेत विलीन झाली.

‘इन्स्पायर’ 2008 अखेरची. वर्षाला 80,000 रुपये. त्यातले 60,000 विद्यार्थ्याच्या हातात आणि 20,000 उन्हाळ्यात एखाद्या मार्गदर्शकाकडे प्रकल्प करण्यासाठी. कागदावर ही तरतूद उत्तमच. पण मार्गदर्शक शोधायचा मुलानेच. पुण्याच्या मुलाला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल), आयसर हाकेच्या अंतरावर. तालुक्याच्या कॉलेजातली मुलगी अनोळखी प्राध्यापकांना ईमेल पाठवत बसते आणि बहुतेक ईमेलना उत्तर येत नाही.

तिच्या कॉलेजातच कुणी का नसावं? याची मुळं जुनी आहेत. 1857 चं मुंबई विद्यापीठ लंडनच्या धर्तीवर परीक्षा घेण्यासाठी उभं राहिलं, शिकवणं कॉलेजांकडे गेलं. स्वातंत्र्यानंतर संशोधनाचा मोठा भाग राष्ट्रीय प्रयोगशाळांकडे गेला. बी.एस्सी.चा वर्ग यातून जो बाजूला पडला, तो पडलाच. आज त्या वर्गावर अनेक ठिकाणी सीएचबीचे, म्हणजे तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक आहेत. त्यांना पैसे तासाचे मिळतात. मे महिन्यात तास नाहीत, म्हणजे पैसेही नाहीत, आणि प्रकल्प मात्र मे महिन्यातच! योजना आखणाऱ्यांपैकी कुणी सीएचबीवर शिकवलं असतं तर हे त्यांच्या लगेच लक्षात आलं असतं.

या सगळ्यात मला सर्वांत शहाणा वाटतो तो मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा ‘एनआययूएस’ उपक्रम, 2004 पासूनचा. आधी शिबिर, मग निवडक मुलांना मार्गदर्शकाबरोबर सुट्ट्यासुट्ट्यांमधून वर्ष-दीड वर्ष चालणारा प्रकल्प. फसलेला प्रयोग पुन्हा करून बघायला इथे सवड असते. ‘इन्स्पायर’च्या उन्हाळी प्रकल्पात मात्र सहा आठवड्यांत अहवालाचा साचा भरण्यापलीकडे फारसं काही होत नाही. अडचण एवढीच की असे उपक्रम मोजक्या मुलांपुरते राहतात.

आता चार वर्षांची संशोधनासह ऑनर्स पदवी आली आहे. चौथ्या वर्षी संशोधन हवं तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण हवेत, आणि विभागात पीएचडीचे किमान दोन मान्यताप्राप्त, कायम मार्गदर्शक हवेत. दुसरी अट तालुक्याच्या किती कॉलेजांत पूर्ण होईल, हे वेगळं सांगायला नको. म्हणून शासनाकडे मागणी साधी आहे: प्राध्यापकांच्या रिक्त जागा भरा, आणि तोवर प्रकल्प घेणाऱ्या तासिका प्राध्यापकांना उन्हाळ्याचं मानधन द्या.