परसातल्या कोंबड्या : भाग ६ – खुराड्यातली गादी

गेल्या भागात खुराड्याची जागा ठरली, छप्पर झालं. आता खाली काय अंथरायचं? बहुतेक जण मऊ काय आणि स्वस्त काय एवढंच बघतात. माझ्या मते आधी पाण्याचा हिशेब मांडावा. दहा मोठ्या कोंबड्या मिळून दिवसाला साधारण एक किलो विष्ठा टाकतात आणि तिच्यात पाऊण हिस्सा पाणीच असतं. उन्हाळ्यात त्यातलं बरंचसं परसात पडतं. कोकणातल्या आषाढात कोंबड्या बाहेर निघतच नाहीत, म्हणजे सगळं आत. ही ओल सामावून घेऊन पुन्हा हवेत सोडेल, ती गादी चांगली.

भात पिकतो त्या मुलखात भाताच्या तुसाला तोड नाही. तूस स्वतः पाणी फारसं शोषत नाही, पण ते चिकटून बसत नाही. दाण्यादाण्यात हवा खेळते आणि ओल उडून जाते. जोडीला सुताराच्या रंध्याखाली निघणारे पातळ छिलके मिळाले तर निम्मे-निम्मे मिसळा, कारण शोषण्याचं काम छिलके करतात. करवतीचा बारीक भुसा मात्र मोठ्या कोंबड्यांपुरताच ठेवा. लहान पिल्लं तो दाणा समजून टिपतात आणि त्याची धूळ सगळ्यांच्याच श्वासात जाते. प्लायवूडच्या कामातला भुसा तर नकोच. त्यात डिंक आणि रसायनं असतात.

पेंढा वापरायचा तर दोन इंचांचे तुकडे करून. अख्खा पेंढा दबून त्याचा थर बसतो आणि खाली कुजतो. उसाचं चिपाड पाणी चांगलं पितं, पण भिजलं की त्यावर लगेच बुरशी धरते. भुईमुगाची टरफलंही चालतात, फक्त उघड्यावर भिजलेल्या ढिगातली आणू नका. मूठभर टरफलं नाकाशी धरा. कुबट वास आला तर ती तिथेच सोडा. त्या बुरशीचे कण पिल्लांच्या फुप्फुसात रुजतात आणि दम लागून पिल्लं दगावतात. त्यावर खात्रीचा इलाज नाही.

दहा कोंबड्यांना चार बाय सहा फुटांचं खुराडं पुरतं. त्यात चार इंच थर द्यायला साधारण २५ किलो तूस लागतं. पिल्लांना दोन इंच पुरे.

गादीची परीक्षा हातानेच करावी. मूठभर उचलून घट्ट दाबा आणि मूठ उघडा. गोळा किंचित धरून लगेच विस्कटला तर ओल बेताची आहे. गोळा तसाच राहिला तर गादी ओली, आणि काहीच न धरता नुसती धूळ उडाली तर फार कोरडी. दुसरी परीक्षा नाकाची, पण ती उभ्याने करू नका. उकिडवे बसून नाक कोंबडीच्या उंचीवर आणा. डोळे चुरचुरले तर अमोनिया साचलाय. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे २५ भाग झाले की कोंबड्यांच्या डोळ्यांना आणि श्वासनळीला इजा होऊ लागते.

ओल्या गादीचा सगळ्यात मोठा धोका रक्ती हगवणीचा. विष्ठेतून पडलेल्या त्या परजीवीला ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत तो रोग द्यायला तयार होतो. कोरड्या गादीत त्याला हे जमत नाही. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी गादी तळापासून हलवा. ढेकळं उचलून टाका, विशेषतः दांडीखालची आणि पाण्याच्या भांड्याभोवतीची. भांड्यातून सांडणाऱ्या पाण्याबद्दल पुढच्या भागात सविस्तर लिहीन, कारण निम्मी ओल तिथूनच येते.

चुना भुरभुरण्याची आपल्याकडे पद्धत आहे. चुना ओल धरतो हे खरं, पण सुरुवातीला अमोनियाही उडवतो. तेव्हा कोंबड्या बाहेर असताना दारं-खिडक्या उघडून टाका, गादीत नीट मिसळा आणि वास गेल्यावरच त्यांना आत घ्या.

जुनी गादी माडाच्या आळ्यात थेट ओतू नका, ताज्या कोंबडखताने मुळं भाजतात. ओलसर ढीग करून वर झाकण घाला, मधूनमधून उलटा, आणि दोन-तीन महिन्यांनी वापरा. नवं तूस मात्र मृगाच्या आधीच दोन-तीन गोणी भरून माळ्यावर ठेवायला हवं. पावसात गिरणीवर जाल तेव्हा ते बऱ्याचदा पडवीतच भिजलेलं असतं.